आमच्या ह्यांना खोकला नव्हता

लिहिताय ना ताई, मग पहिल्यापासून सांगते, नायतर माझं एक सुरू केलं की दुसरंच निघतं. मी मूळची मुरबाडकडची. वडील कल्याणच्या मार्केटात हमाल, कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर, आठवड्यातनं एकदा एसटीनं घरी यायचे आणि आले की आम्हा तिघी बहिणींना ओळीनं उभं करून पाढे म्हणायला लावायचे, हातपाय धुवायच्या आधी पाढे. मला नर्स व्हायचं होतं. दहावी झाले, मार्क पण बरे पडले, आणि त्याच वर्षी वडिलांची कंबर गेली, मग पुढचं काय सांगू तुम्हाला, सगळ्यांचं होतं तेच झालं, एकोणिसाव्या वर्षी लग्न लावलं आणि मी विठ्ठलवाडीला आले. स्टेशनपासून दहा मिनिटांवर चाळ, एक खोली, वर पोटमाळा. तेवीस-चोवीस वर्षं झाली, तिथंच आहे.

आमचे हे म्हणजे लय शांत. शांत म्हणजे किती, तर विहारात लग्न लागलं तेव्हा भन्तेजींनी प्रतिज्ञा म्हणायला लावल्या, तो मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला, आणि दुसऱ्यांदा ऐकला तो चार दिवसांनी, मीठ कुठंय म्हणून विचारलं तेव्हा. हसू नका, खरं सांगते. भांडण नाय, मारहाण नाय, दारू नाय, तंबाखू नाय, पगार झाला की आणून हातात. चाळीतल्या बायका बोलायच्या, संगीता, नशीब काढलंस बाई. काढलंच होतं, मी कुठं नाय बोलते. पण ताई, माणसाला वाटतं ना, कुणीतरी विचारावं, दमलीस का, आज काय झालं तुझ्या कामावर. मी आमटी जाळली तरी गप, चांगली केली तरी गप. मला हाक मारायची तर ऐकलं का, नायतर दीक्षाची आई. दीक्षा आमची मुलगी, आता वीस वर्षांची आहे, नर्सिंगला आहे, माझं राहिलेलं ती करते. तर बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून माझं नाव मी ऐकलेलं नव्हतं. पहिली काही वर्षं मी रडायचे, मग रडणं पण बंद केलं, म्हटलं असतात काही माणसं अशी, भिंतीशी काय भांडायचं.

ते वॉचमन आहेत, ठाण्याला बाळकुमला. तिथं आधी भातशेती होती म्हणतात, आता तीस-तीस मजल्यांचे टॉवर, त्यातल्याच एका सोसायटीच्या गेटवर बारा वर्षं. गाडी आली की सलाम आणि गेट, गाडी गेली की गेट बंद. तिथल्या लोकांना पण तसाच वॉचमन पाहिजे असतो, न बोलणारा.

आणि मी आशा वर्कर. दीक्षा दुसरीत गेली तेव्हा हे काम धरलं. दवाखान्याकडून आम्हाला घरं वाटून दिलेली असतात, गरोदर बायका, बाळांच्या लसी, आणि टीबी. टीबीत मी पक्की, ताई, झोपेतून उठवून विचारा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का, संध्याकाळचा ताप येतो का, वजन कमी झालंय का, थुंकीतून रक्त पडतं का. दारात उभं राहून हेच विचारायचं, आणि हो बोलला की पर्समधनं थुंकीची डबी काढून द्यायची. मग गोळ्या सुरू झाल्या की काही पेशंटना आपल्या डोळ्यांसमोर गिळायला लावायच्या, तोंड उघडा, जीभ वर करा, बघू. एक बाबा होते, ते गोळी गालात धरून ठेवायचे आणि माझी पाठ फिरली की गटारात टाकायचे. मी काय केलं, रोज त्यांच्याशी पंधरा मिनिटं गप्पा मारत बसायचे, त्यांच्या गावाच्या, त्यांच्या बैलांच्या, तोवर गोळी विरघळून तोंड कडू जहर व्हायचं आणि झक मारत गिळायचे. बरे झाले ते, अजून रस्त्यात दिसले की मला जीभ काढून दाखवतात. सांगायचं काय, तर दारावरून जाताना नुसता खोकला ऐकून मी सांगायचे, हा सिगारेटचा, हा साधा, आणि हा तपासायला पाहिजे. लय गर्व होता मला त्याचा.

दिवाळी झाल्यावर ह्यांचं कपाळ दुखायला लागलं. मी म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. अंग जरा कोमट लागायचं, एक पॅरासिटामॉल दिली. जेवण कमी झालं, म्हटलं पित्त. आणि मग एक दिवस संध्याकाळी मी सर्व्हे करून आलेली, मोरीत पाय धुवत होते, आणि मागून आवाज, संगीता, दमलीस का. मी वळून बघितलं, मला वाटलं शेजारचं कुणी आलंय. दारात हेच उभे, हसत. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

त्या दिवसापासून जे सुरू झालं, काय सांगू तुम्हाला. आमटी ओरपली आणि बोलले, अशी आमटी अख्ख्या चाळीत कुणाला येत नाय. दीक्षाला जवळ बसवून लहानपणीचं सांगायला लागले, विहिरीत कसे पडले, मास्तरांनी कसं मारलं, पोरगी तोंड उघडं टाकून ऐकत होती, तिला माहितीच नव्हतं की पप्पांना लहानपण होतं. गाणं पण म्हणायला लागले. आणि तिकडं बाळकुमला वेगळीच मजा. सोसायटीचे सेक्रेटरी केस काळे करतात, त्यांना गेटवर सांगितलं, साहेब, ते लावायचं बंद करा, बूटपॉलिश वाटतं. एक मॅडम गाडीतून उतरल्या, त्यांना विचारलं, डोळे सुजलेत, घरात त्रास आहे का. तक्रार गेली, सुपरवायझरचा मला फोन, वहिनी, हे पितात का हल्ली. मी रोज ते आले की जवळ जाऊन तोंडाचा वास घ्यायचे. वास काही नाय.

आता खरं सांगते, ताई, हे लिहा, लपवू नका. मला दिसत होतं. अकरा वर्षं आशाचं काम केलेली बाई मी, माणूस असा एकाएकी बदलत नाय हे मला कळत नव्हतं का. पण मला आवडलं होतं. मी वाट बघायचे संध्याकाळची. दवाखान्यातनं येताना मोगऱ्याचा गजरा घेतला एकदा, ह्या वयात. दीक्षा बोलली, आई, पप्पांना डॉक्टरला दाखव, काहीतरी बरोबर नाय. मी तिच्यावर खेकसले, म्हटलं, गप ग, तुझे पप्पा आता कुठं बोलायला लागलेत. आणि मनात माझी यादी वाचायचे, खोकला नाय, थुंकीत रक्त नाय, म्हणजे काही नाय.

त्यातच एक दिवस, रविवार होता, आम्ही दोघं दाराच्या पायरीवर बसलेलो, समोर कुणाची तरी पोरं सायकल शिकत होती, आणि हे मला बोलले ते सांगते, जसंच्या तसं, कारण मी ते विसरूच शकत नाय. बोलले, संगीता, तू बॅग लावून कामाला निघतेस ना, तेव्हा मी बघत असतो. तुला सगळं येतं, डॉक्टर लोक तुला नावानं ओळखतात. मी दिवसभर गेट उघडतो आणि बंद करतो. तुझ्यापुढं मी काय बोलायचं? म्हणून गप बसायचो. मला वाटायचं मी तोंड उघडलं की तुला कळेल तू कुणाशी लग्न केलंयस.

बावीस वर्षं मी समजत होते की ह्या माणसाला माझी किंमत नाय.

त्यानंतर आठ दिवसांनी आमच्या चाळीतले एक मामा वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला आम्ही विहारात गेलो. वंदना झाली, लोक एकेक उठून मामांबद्दल दोन शब्द बोलत होते, आणि हे हसायला लागले. आधी खुसूखुसू, मग मोठ्यानं. मामा कसे चिकट होते, चहा द्यायला लागू नये म्हणून दार लावून बसायचे, ते सगळं मोठ्यानं सांगितलं, मामी समोर बसलेल्या. मी हात धरून ओढलं तर झटकला, उठले, भिंतीकडं तोंड केलं आणि सगळ्यांदेखत पँटची चेन उघडली. मी धावत जाऊन पदर आडवा धरला. लोक ओरडत होते, बाहेर काढा ह्याला, दारुडा साला. आणि तिथंच ह्यांचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले आणि खाली पडून झटके यायला लागले. मग कुणी दारुडा बोललं नाय, त्याच लोकांनी उचलून रिक्षात घातलं.

मोठ्या हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी विचारलं, वागण्यात फरक कधीपासून. मी बोलले, आठ दिवस. दीक्षानं माझ्याकडं बघितलं. मग मी सांगितलं, एक महिना, मॅडम, एक महिना झाला. त्या रागावल्या नाय, नुसतं लिहून घेतलं, ते मला जास्त लागलं. मग फोटो काढला मशीनमध्ये घालून, पाठीतून सुई घालून पाणी काढलं, आणि दुसऱ्या दिवशी मला आत बोलावून तो फोटो लाईटवर लावून दाखवला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या नवऱ्याचा मेंदू बघितला, ताई. सोललेल्या अक्रोडासारखा. कपाळाच्या मागं, उजव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ, आणि तिच्याभोवती सगळी सूज. मॅडम बोलल्या, मेंदूचा टीबी आहे, आवरणाला पण सूज आहे. मी काय बोलले माहितीये? मी बोलले, मॅडम, पण ह्यांना खोकला नाय. त्या बोलल्या, आशाताई, डोक्यातल्या टीबीला खोकला कुठून येणार?

मी खुर्चीत बसले ती उठेचना. तोच टीबी. मी ज्याला अकरा वर्षं लोकांच्या छातीत शोधत होते, तो माझ्या घरात, माझ्या उशीशेजारच्या उशीवर, माझ्या नवऱ्याच्या कपाळाच्या आत बसलेला, आणि तो खोकत नव्हता, तो माझी आमटी चांगली झाली म्हणत होता. मॅडमनी समजावलं, मेंदूचा हा पुढचा भाग माणसाला आवरून धरतो, काय बोलावं, कुठं थांबावं, लाज कशाची धरावी. तिथं सूज आली की आवर सुटतो. कुणी चिडतं, कुणी हसत बसतं, कुणी दिवसेंदिवस एका जागी गप बसतं. आणि ताई, मला भीती वाटायच्या ऐवजी नवल वाटायला लागलं, इतकं नवल की अंगावर काटा आला. म्हणजे आपण ज्याला स्वभाव म्हणतो, अमका शांत, तमका तापट, ते सगळं ह्या एवढ्याशा जागेत? डोळ्यांना दिसत नाय असा जंतू तिथं जाऊन बसतो आणि माणूस बायकोला नावानं हाक मारायला लागतो?

आयसीयूच्या बाहेर बाकावर डोंबिवलीचे एक काका बसलेले असायचे, बँकेतून रिटायर झालेले, शुद्ध बोलणारे, डब्यातली पोळी अर्धी मला द्यायचे. त्यांच्या मिसेसना पण मेंदूचा ताप, पण तो दुसऱ्या विषाणूचा, ओठावर फोड येतात ना तापाचे, त्या जातीचा. त्या शुद्धीवर आल्या, बोलायला लागल्या, पुरणपोळीचं प्रमाण विचारलं तर घडाघडा सांगायच्या, पण काकांना ओळखत नव्हत्या. काका मला बोलले, अहो, ती मला तुम्ही कोण असं इतक्या अदबीनं विचारते, की मलाच संकोच वाटतो उत्तर द्यायला. आणि हसले, आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागले. आम्ही दोघं तासन्‌तास त्या बाकावर बसायचो, पूर्वी एकमेकांच्या घरी पाणी पिण्याचा पण कधी प्रसंग आला नसता, आणि आमचं एकच चालायचं, बघा कसं असतं हे डोकं. त्यांच्या मिसेस पुढं सुधारल्या का ते मला माहिती नाय. नंबर घ्यायचा राहून गेला.

आमचे हे सहा दिवस बेशुद्ध. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, जगतील असं वाटतंय, पण कसे जगतील ते आज सांगता येत नाय, उशीर झालाय. उशीर कुणामुळे झाला ते त्या बोलल्या नाय. सातव्या दिवशी डोळे उघडले, आणि माझ्याकडं बघून बोलले, संगीता, पाणी. मी त्या नावासाठी रडले का ते जगले म्हणून रडले, मला अजून सांगता येत नाय.

घरी आणलं. गोळ्या वर्षाच्या वर चालणार होत्या, आणि द्यायच्या कुणी, तर मीच. तोंड उघडा, जीभ वर करा, बघू. आणि मग ताई, मी बघत गेले. पहिले पंधरा दिवस अजून बोलायचे, अडखळत, पण बोलायचे. मग तपासायला नेलं, मॅडम बोलल्या, छान, सूज उतरतेय. तिकडं सूज उतरत होती आणि इकडं शब्द कमी होत होते. आधी गाणं गेलं. मग आमटी. मग एक दिवस मी कामावरून आले, पाय धुतले, मुद्दाम वेळ लावून धुतले, मागून आवाज आलाच नाय. दुसऱ्या दिवशी पण नाय. मग हाक आली ती दीक्षाची आई म्हणून आली.

सकाळची गोष्ट आहे, गोळ्या पाकिटातून काढल्या, आणि मी त्या मुठीत धरून ओट्याला टेकून उभी राहिले. मला वाटलं, आज नाय दिल्या तर? एक दिवस. मी, संगीता, जी गल्लीगल्लीत ओरडत फिरते की एक दिवस चुकवायची नाय, मी हा विचार केला. प्रत्येक गोळीबरोबर मी त्या माणसाला घालवत होते जो मला बघत होता, आणि त्या माणसाला परत आणत होते जो गेट उघडतो आणि बंद करतो. मूठ घामेजली, गोळ्यांचा लाल रंग तळव्याला लागला. हे तिकडं खाटेवर तोंड उघडून बसलेले, मला त्रास नको म्हणून जीभ पण आधीच वर करून. मग मी गेले आणि दिल्या. एक पण दिवस चुकवला नाय, रेकॉर्ड बघा हवं तर.

पुढच्या तपासणीला मी मॅडमना एकटीनं गाठलं. म्हटलं, मॅडम, एक विचारू, हसू नका. आजारात हे जे बोलले ते कुठून आलं? त्या जंतूनं आणलं का ह्यांच्यातच होतं? त्या हसल्या नाय. पेन खाली ठेवलं. बोलल्या, जंतूला मराठी येत नाही, संगीताताई, शब्द त्यांचेच. पण आवर सुटलेला माणूस खरंच बोलतो असं नाही, आणि खोटंच बोलतो असंही नाही. ते मनातलं होतं का, ते मला फोटोत दिसत नाही. एवढी शिकलेली बाई, एवढ्या मोठ्या मशीनवाली, आणि तिला पण तिथपर्यंतच जाता येत होतं. मला त्याचं वाईट नाय वाटलं, खरं सांगू का, मला त्या डोक्याचा अजून आदर वाटला.

आता हे बरे आहेत. बाळकुमला परत कामावर घेतलं, सेक्रेटरी साहेब चांगले आहेत, केस अजून काळेच करतात. सलाम आणि गेट. मी पण माझं काम करते, फक्त दारात उभी राहिले की यादीतले प्रश्न झाल्यावर एक माझा विचारते, घरातलं कुणी हल्ली वेगळं वागतंय का, कुणाचं डोकं खूप दुखतंय का. सासवा लगेच सुनेकडं बोट दाखवतात, ही बघा, लग्नापासून वेगळी वागते. मी हसते आणि परत विचारते. दोघांना तरी त्या प्रश्नामुळं वेळेवर पाठवलंय.

गेल्या महिन्यात ह्यांची शेवटची गोळी झाली. दीक्षा कॉलेजला गेलेली, घरात आम्ही दोघंच. मी तोंड बघितलं, जीभ बघितली, पाण्याचा पेला घेतला आणि तिथंच खाली बसले. म्हटलं, आता बोलायचं नायतर कधीच नाय. विचारलं, आजारात तुम्ही काय काय बोललात, आठवतं का. मान हलवली, नाय. मग मी सांगितलं. पायरीवरचं सगळं, एक पण शब्द खाली न पाडता, त्यांचं त्यांना सांगितलं, आणि सांगताना माझाच आवाज असा कापत होता की जसं काही मीच कबूल करत होते. ते खाली बघत होते. कान लाल झालेले. मी थांबले. मला वाटलं झालं, आता बोलतील, ताप होता तो, आणि माझं संपेल.

बाहेर दूधवाला येऊन गेला. मग बोलले, आठवत नाय मला.

आणि उठून शर्ट घालायला लागले, ड्युटीला जायचं होतं. बटणं लावता लावता, माझ्याकडं पाठ करून बोलले, पण बोललो असेन.

एवढंच. चप्पल घातली आणि गेले. मी तशीच बसलेली, पेला हातात, रडत होते का हसत होते कुणास ठाऊक.

चला, तुमचा चहा गार झाला, दुसरा ठेवते. आणि ताई, माझ्यासारख्या अडाणी बाईचा आशीर्वाद घ्या, तुमच्या घरातली माणसं आपापल्या डोक्यात सुखरूप राहू देत.